रशेस जपा, शिकणाऱ्याला खुर्ची द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना खुलं पत्र

महोदय,



मी मराठी चित्रपटांची संकलक आहे. शासनाच्या अर्थसाहाय्याचा आधार मिळालेले चित्रपट माझ्या टेबलावरून गेले आहेत, त्यामुळे त्या योजनेचं मोल मी जाणते. या पत्रात त्या योजनेची रक्कम वाढवा असं मी म्हणणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. शासनाची मदत घेणाऱ्या प्रत्येक मराठी चित्रपटाने संकलनाच्या आणि ध्वनीच्या कामावर शिकणारा एकेक मुलगा किंवा मुलगी मानधन देऊन घ्यावी. आणि चित्रपट लागून गेल्यावर त्यातल्या किमान एका प्रसंगाचे सगळे रशेस, म्हणजे चित्रीकरणात निघालेलं सगळं कच्चं फुटेज, आणि त्याचे सगळे सुटे ध्वनिट्रॅक शिकणाऱ्यांसाठी खुले करावेत.

मागणं लहान वाटेल. ते निकडीचं का आहे हे कळायला आमच्या खोलीत थोडा वेळ बसावं लागेल.

तयार चित्रपट पाहून संकलन शिकता येत नाही. पडद्यावर दिसतं ते आम्ही ठेवलेलं असतं. टाकलेलं कुठेच दिसत नाही, आणि आमची अर्ध्याहून अधिक अक्कल टाकण्यातच खर्ची पडते. 'अपोकॅलिप्स नाऊ' या 1979 च्या चित्रपटासाठी साडेबारा लाख फूट फिल्म खर्च झाली होती. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट धावते, म्हणजे ते झालं सुमारे 230 तासांचं चित्रीकरण. चित्रपट झाला अडीच तासांचा. वॉल्टर मर्च हे त्याच्या संकलकांपैकी एक, शिवाय आवाजाची रचनाही त्यांची. आज जगभरचे विद्यार्थी तो चित्रपट फ्रेम थांबवून थांबवून बघतात. पण वगळलेल्या सव्वादोनशे तासांत काय होतं हे ठाऊक नसेल, तर ठेवलेल्या अडीच तासांमागचा विचार हाती लागत नाही. आता फिल्मचा खर्च उरला नाही, कॅमेरा 'कट' म्हटल्यावरही बरेचदा चालूच असतो. त्यामुळे बेताच्या पैशात केलेल्या मराठी चित्रपटाचं फुटेजही डोंगराएवढं येतं. त्यातून वाट काढायची कशी, हे शिकवणारं कुणी नसतं.

आवाजाचं तर आणखी अवघड. तो चोख बसला की प्रेक्षकाला त्याचं भानही राहत नाही.

एक प्रसंग घेऊ. गावाकडचं घर. आई ओसरीवर तांदूळ पाखडते आहे. मुलगा बॅग खांद्याला लावून दारात उभा. तो म्हणतो, "येतो गं." आई मान वर करत नाही. दिग्दर्शकाने चार बाजूंनी हे घेतलं आहे: लांबून दोघं, मुलाचा क्लोज, आईचा क्लोज, आणि सुपावरचे हात. प्रत्येकाचे तीन-चार टेक. त्यातल्या आईच्या तिसऱ्या टेकमध्ये तिचा हात क्षणभर अडखळतो. तो अभिनय होता की नटी पुढची हालचाल विसरली होती, कुणास ठाऊक. टेबलावर त्याने काही फरक पडत नाही. तो अडखळलेला हात आता आपला आहे.

मुलाचं वाक्य संपताक्षणी आईवर कट केला, तर ती उत्तर देते असं दिसतं. मुलावरच बारा फ्रेम, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद, जास्त थांबलं तर प्रेक्षक त्याच्याबरोबर उत्तराची वाट पाहू लागतो. "येतो गं" आईच्याच चेहऱ्यावर ऐकवलं, तर जाणारा मुलगा मागे पडून प्रसंग आईचा होतो. मग साउंडवाला येतो आणि म्हणतो, सुपाचा ठेका बघा. वाक्याच्या आधीच ठेका थांबला, तर मुलगा काय म्हणणार हे तिला आधीपासून कळलं होतं. वाक्यानंतर दोन झटके तसेच चालू राहून थांबला, तर तिने ऐकून घेतलं, गिळलं, आणि मग हात थांबले. चेहरा दाखवायची गरजच उरली नाही. शूटिंगच्या ट्रॅकवर दूरवर शेतीपंपाची घरघरही आली आहे. ती पुसून टाकायची की ठेवायची? पंप चालू आहे म्हणजे लाइट आली आहे, म्हणजे घरातला बाप रानात पाणी द्यायला गेला आहे, म्हणजे मुलाला निरोप द्यायला तो घरी नाही. एका घरघरीत एवढं सगळं आहे. सवयीने 'नॉइज' म्हणून ती काढून टाकणारा मुलगा हुशार असतो, सॉफ्टवेअर त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं. फक्त तो पंप ऐकताना त्याच्या शेजारी कुणी बसलेलं नसतं.

शिकणं होतं ते या खोलीत, या चर्चेत. तयार प्रसंग बघून यातलं काहीही कळणार नाही, कारण तयार प्रसंगात एकच वाट उरलेली असते आणि ती आधीपासून तशीच होती असं वाटतं.

आमच्या आधीच्या पिढीला ही खोली आपसूक मिळत होती. फिल्मवर काम चालायचं तेव्हा सहायकाशिवाय संकलकाचं पानच हलत नसे. रशेस लॅबमधून आले की क्लॅपचा ठोका आणि क्लॅप मिटल्याची फ्रेम जुळवून सिंक लावायचं, प्रत्येक तुकड्यावर नंबर टाकायचा, कापलेले ट्रिम्स पिशवीच्या वरच्या खिळ्यांवर क्रमाने टांगायचे, आणि संकलकाने हात पुढे केला की तिसऱ्या टेकच्या शेपटाच्या अठरा फ्रेम्स शोधून द्यायच्या. यासाठी सहायकाला दिवसभर पाठीशी उभं राहावं लागे. तो नुसता तुकडे देत नव्हता. कुठला तुकडा मागितला, कुठला परत टांगायला सांगितला, जोड देऊन पाहिल्यावर उस्ताद का कुरकुरले, दिग्दर्शकाशी वाद कशावरून झाला, हे सगळं त्याच्या कानांवर आणि डोळ्यांवर पडत होतं. तंबोऱ्यावर बसलेला शिष्य जसा गाणं पितो तसं. मलाही हे शेवटचं थोडंसं मिळालं. माझ्या गुरूंनी मला समोर बसवून धडा असा कधीच दिला नाही, पण त्यांनी परत टांगायला दिलेला प्रत्येक तुकडा मी पाहिला होता.

संगणकावरचं संकलन आलं आणि संकलकाला हवा तो तुकडा स्वतःच्या माउसवर सापडू लागला. ते चांगलंच झालं. एका प्रसंगाच्या पाच आवृत्त्या दुपारभरात करून पाहता येतात, हे फिल्मवर स्वप्नवत होतं. 'द इंग्लिश पेशंट'साठी याच मर्चना संकलनाचं आणि ध्वनीचं अशी दोन ऑस्कर मिळाली, तेव्हा डिजिटल यंत्रणेवर संकलन झालेल्या चित्रपटाला संकलनाचं ऑस्कर पहिल्यांदाच मिळत होतं. पण या बदलात सहायकाची खुर्ची खोलीबाहेर गेली. आता तो रात्री येतो, कार्डांवरचा डेटा उतरवतो, बॅकअप घेतो, फाइली छोट्या करतो, सिंक लावून ठेवतो आणि पहाटे निघून जातो. निर्णय दिवसा होतात. दोघांची गाठ पडते ती व्हॉट्सॲपवर. बऱ्याच ठिकाणी या कामाचे पैसेही नीट मिळत नाहीत, 'शिकायला मिळतंय ना' असं ऐकवलं जातं. काय शिकायला मिळतं? फोल्डरांची नावं.

आपण म्हणाल, संस्था आहेत की. पुण्यात 1960 पासून एफटीआयआय आहे, तीही प्रभात फिल्म कंपनीच्याच जागेत. रेणू सलुजा तिथेच संकलन शिकल्या आणि 'अर्ध सत्य', 'जाने भी दो यारो', 'परिंदा' असे चित्रपट त्यांच्या हातून घडले. राजकुमार हिरानी तिथल्याच संकलन विभागातले. रसूल पूकुट्टी तिथे ध्वनी शिकले आणि 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी 2009 मध्ये त्यांना ध्वनिमिश्रणाचं ऑस्कर विभागून मिळालं. ती संस्था आपलं भूषण आहे. पण संकलनाला आणि ध्वनीला तिथे दरवर्षी मोजक्याच जागा असतात आणि त्यांवर सगळा देश अर्ज करतो. सोलापूरच्या, नांदेडच्या, चंद्रपूरच्या मुलांपैकी कितीजण तिथवर पोचणार? त्या मुलांकडे आज साधनं आहेत. डाव्हिंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती त्यांच्या लॅपटॉपवर चालते, त्यातच आवाजाचं कामही करता येतं. मोबाइलवर लघुपट काढून, इयरफोनवर मिक्स करून ती महोत्सवांना पाठवतात. साधनांचा प्रश्न बराचसा सुटला आहे. अडलं आहे ते कच्च्या मालावर. स्वतःच लिहिलेलं, स्वतःच शूट केलेलं चारजणांचं फुटेज कापून हात एका मर्यादेपर्यंतच तयार होतो, कारण त्यात निवडायला काही नसतं. उत्तम नटांचे, जाणत्या छायालेखकाने घेतलेले, आठ-आठ टेक असलेले रशेस त्यांच्या हाती आयुष्यात पहिल्यांदा येतात ते पहिल्या नोकरीत, आणि तोवर चुकायची मुभा संपलेली असते.

हे इतरत्र कसं सुटलं? अमेरिकेत 'गनस्मोक' नावाची काउबॉय मालिका 1955 पासून वीस वर्षं चालली. तिच्यातल्या एका प्रसंगाचे सगळे रशेस तिथल्या 'अमेरिकन सिनेमा एडिटर्स' या संकलकांच्या संस्थेमार्फत विद्यार्थ्यांना मिळाले, आणि कितीतरी वर्षं फिल्म स्कूलमधली मुलं तोच प्रसंग आपापल्या परीने कापत आली. प्रसंग एक, चित्रीकरण एक, आणि वर्गातल्या प्रत्येकाचा कट निराळा. मग सगळ्यांनी एकत्र बसून पाहायचं. शेजारच्याने जो टेक ठेवला तो मी का टाकला, हा प्रश्न तिथे पडतो आणि तो पडला की शिकणं सुरू होतं. मालिका साधीसुधी होती, तिच्यात थोर कला शोधायला कुणी जात नाही. तिच्या रशेसवर मात्र पिढ्या तयार झाल्या.

आपल्याकडे यापेक्षा कितीतरी समृद्ध सामग्री आहे. 2014 च्या 'कोर्ट'मध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा कॅमेरा बहुतेक वेळ हलत नाही आणि कट सहसा प्रेक्षकाच्या अपेक्षेपेक्षा उशिरा येतो. न्यायालयाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा काळोखात तसाच राहतो. चित्रपट संपला असं वाटावं इतका वेळ. मग तो पुढे सुरू होतो. तो काळोख किती सेकंद ठेवायचा हे कसं ठरलं असेल? दोन सेकंद कमी केले असते तर? विद्यार्थ्याला तो प्रसंग स्वतः मापून, कमी-जास्त करून पाहता आला पाहिजे. 2016 च्या 'सैराट'मध्ये अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रासह ध्वनिमुद्रित केलेलं संगीत आहे, पडदाभर उसळणारं. आणि शेवटी नायक-नायिकेचं लेकरू घराबाहेर पडतं तेव्हा आवाजच नाही. एवढ्या मोठ्या संगीतानंतर आलेली ती शांतता संपूर्ण चित्रपट उभा करून मिळवलेली आहे. तिथे लोकेशनवर काय काय आवाज रेकॉर्ड झाले होते आणि ते कुठल्या क्षणी काढले, हे सुटे ट्रॅक ऐकल्याशिवाय कळायचं नाही.

त्याहून मागे जायचं तर 1937 चा 'कुंकू' आहे. दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापू, यांनी या चित्रपटाला पार्श्वसंगीत दिलंच नाही. घरातले, रस्त्यावरचे, वस्तूंचे आवाज, आणि नायिकेच्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ. बोलपट येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्या काळात, त्या यंत्रांवर, आवाजाने गोष्ट सांगायचं धाडस प्रभातने केलं. आज आमच्याकडे डॉल्बी ॲटमॉस आहे आणि बहुतेक चित्रपटांत पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत व्हायोलिनं वाजत असतात. पार्श्वसंगीताला माझा विरोध नाही. पण प्रसंगातला आवाज पुरेसा उभा राहिला नाही म्हणून त्यावर संगीत ओतलं जातं, हे मी खोलीत बसून पाहिलं आहे, आणि त्याचं मूळ शिक्षणात आहे. लोकेशनवर शेवटी ध्वनिमुद्रक विनवतो, "एक मिनिट सगळे गप्प राहा, रूम टोन घेऊ द्या." तेव्हा लाइटवाले वायरी गुंडाळायला लागलेले असतात, प्रॉडक्शनवाला घड्याळ दाखवतो आणि ते एक मिनिट मिळत नाही. त्या खोलीच्या, त्या वेळच्या नुसत्या शांततेचा तो तुकडा नसेल, तर पुढे दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आवाज अक्षरशः भोक पडल्यासारखा तुटतो. मग ते भोक बुजवायला आहेच संगीत.

आवाजाबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. आमच्या चित्रपटांतले कितीतरी रातकिडे, कुत्री, पाखरं परदेशी साउंड लायब्ररीतून येतात. कौलांवरचा कोकणातला पाऊस, पत्र्यावरचा मराठवाड्यातला वळीव, कोल्हापुरी वहाणेची करकर, नऊवारीची सळसळ, काचेच्या बांगड्या आणि पाटल्या यांच्या किणकिणण्यातला फरक, लाल एसटीचं दार आपटणं: हे विकतच्या लायब्ररीत सापडत नाही. प्रत्येक चित्रपटाची टीम ते जमेल तसं गोळा करते, फोली स्टुडिओत पुन्हा घडवते आणि काम झालं की ते एखाद्या डिस्कवर पडून राहतं. मदत घेणाऱ्या चित्रपटांकडून हे सुटे आवाजही जमा झाले, तर काही वर्षांत महाराष्ट्राच्या आवाजांचा एक मोठा साठा शिकणाऱ्यांच्या हाती येईल. गिरणीचा भोंगा आपण असाच हरवला. ज्यांनी तो रोज ऐकला ती माणसं आहेत तोवर तो निदान आठवणीत तरी आहे.

निर्माते हरकत घेतील, आणि त्यांच्या काही हरकती रास्त आहेत. रशेस ही त्यांची मालमत्ता आहे, नटांचे फसलेले टेक चव्हाट्यावर येऊ नयेत, चित्रपट लागण्याआधी काही फुटू नये. म्हणूनच मी एक प्रसंग म्हणते, सगळा चित्रपट नाही. तो प्रसंग दिग्दर्शकाने निवडावा. प्रदर्शनानंतर ठरावीक काळाने द्यावा. वापर फक्त शिक्षणासाठी, असा करार असावा. नटांची संमती घ्यावी. आपल्या कामावर मुलं शिकणार म्हटल्यावर बहुतेक जण आनंदाने हो म्हणतील, असा माझा विश्वास आहे. आणि खरं सांगायचं तर हे फुटेज आज कुणाच्याच उपयोगाचं नाही. चित्रपट लागला की हार्ड डिस्क निर्मात्याच्या कपाटात जातात. वर्षानुवर्षं न लावलेली डिस्क पुढे सुरूच होत नाही, हा अनुभव आमच्या धंद्यात सगळ्यांना आहे. मूकपटांच्या काळातला आपला बहुतेक ठेवा नष्ट झाला याची आपण हळहळ करतो, आणि काल-परवाच्या चित्रपटांचं कच्चं फुटेज आपल्या डोळ्यांदेखत तसंच जात आहे.

शिकणाऱ्याला मानधन देण्याची कल्पनाही नवी नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा देशात 1961 पासून आहे. कारखान्यात फिटर आणि टर्नर असेच तयार होतात. आपल्या सिनेमाची घडणही तशीच झाली. दादासाहेब फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाईंनी फिल्मला छिद्रं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं हाताने केली, त्यासाठी कुठला वर्ग नव्हता. शांतारामबापू कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत घडले आणि मग 1929 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर प्रभात उभी केली. पगारावर माणूस ठेवायचा, त्याला सगळीकडे फिरू द्यायचं, आणि चार वर्षांनी त्याच्या हातात काम द्यायचं, ही स्टुडिओंची रीत होती. स्टुडिओ गेले आणि ती रीतही गेली. आता ती जबाबदारी घेऊ शकेल अशी एकच संस्था माझ्या नजरेसमोर आहे, ती म्हणजे शासन, कारण अनेक चित्रपटांना एका अटीत बांधण्याचा अधिकार फक्त त्याच्याकडे आहे.

शिकाऊ उमेदवाराला खुर्ची मिळेल ती दिवसा, निर्णय होतात त्या वेळची, हे अटीत स्पष्ट लिहावं लागेल. नाहीतर त्याच्याकडून रात्री डेटा उतरवून घेतला जाईल आणि कागदोपत्री अट पूर्ण होईल. श्रेयनामावलीत त्याचं नाव यावं. रफ कटच्या पहिल्या दिवसापासून फायनल मिक्सच्या शेवटच्या दिवसापर्यंत तो हजर असावा. ध्वनीच्या उमेदवाराने शूटिंगचे काही दिवस बूम धरून उभं राहावं, म्हणजे रूम टोनचं एक मिनिट का मागतात हे त्याला जन्मभर सांगावं लागणार नाही. या दोघांच्या मानधनाचा भार चित्रपटावर नको असेल तर शासनाने तो अर्थसाहाय्यात वेगळा धरावा. एका गाण्याच्या शूटिंगला जेवढे पैसे जातात त्यापुढे तो किरकोळ आहे.

आणि कोल्हापूरच्या चित्रनगरीत एक खोली द्या. मोठा स्टुडिओ नको. नीट बांधलेली, आवाज न घुमणारी, चांगले स्पीकर बसवलेली एक खोली, जिथे पश्चिम महाराष्ट्रातली मुलं आपला मिक्स थिएटरच्या पातळीवर ऐकू शकतील. इयरफोनवर गोड लागलेला आवाज थिएटरात गेल्यावर संवाद कसे गिळतो, हे एकदा मोठ्या स्पीकरवर ऐकलं की पुन्हा सांगायची गरज पडत नाही. जमा झालेले रशेसही तिथेच पाहायला मिळावेत. पुढे अशीच एक खोली नागपूरला आणि एक छत्रपती संभाजीनगरला व्हावी.

राज्य पुरस्कारांत संकलनाला आणि ध्वनीला बक्षिसं आहेत. ती घ्यायला आम्ही मंचावर येतो, आपण हार घालता, फोटो निघतो. त्या मंचाकडे येण्याची वाट मात्र दरवर्षी अरुंद होत चालली आहे. ओळखी असलेल्यांची मुलं आणि बिनपगारी वर्षभर मुंबईत राहू शकणारी मुलंच त्या वाटेने येतात, आणि मग चित्रपटही तेवढ्याच कानांनी ऐकलेले होतात. शेतीपंपाची घरघर ओळखणारा मुलगा त्या खोलीत आला पाहिजे.

अर्थसाहाय्य योजनेचे नियम पुढच्या वेळी सुधारायला घेतले जातील तेव्हा शिकाऊ उमेदवाराचं आणि रशेसचं अशी दोन कलमं त्यात असावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मसुदा करण्याआधी काम करणाऱ्या संकलकांना, ध्वनिमुद्रकांना आणि निर्मात्यांना एकत्र चर्चेला बोलवा. आम्ही येऊ. आणि निर्मात्यांची संमती मिळाली तर पहिल्या प्रसंगाचे रशेस मी स्वतः लावून, नंबर टाकून, आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपली नम्र,
एक मराठी चित्रपट संकलक